जेवणाच्या सुट्टीपर्यंत

श्टिप गावातल्या एका शिवणकारखान्यात स्तोयना मुकादम होती. इटलीला जाणाऱ्या शर्टांची रांग अडली की मालक तिलाच जाब विचारायचा. म्हणून कुणी बाई लघवीला उठली की ती म्हणायची, "जेवणाच्या सुट्टीपर्यंत थांब." बायका थांबायच्या. सकाळपासून पाणीच प्यायचं नाही, ही युक्ती जुन्या बायका नव्यांना शिकवत. मुकादम होण्याआधी मशीनवर असताना स्तोयनानेही तेच केलं होतं.

रुमेना तिच्या वारलेल्या भावाची मुलगी. तिला इथे स्तोयनानेच चिकटवलं होतं. आत्या भाचीची बाजू घेते असं कुणी म्हणू नये म्हणून तिच्याशी ती जरा जास्तच कडक वागे. पोरीला पाचवा महिना होता.

एका सकाळी रुमेना सारखी उठू लागली. शेवटी जवळ येऊन हळूच म्हणाली, जळजळ होतेय, थेंबथेंबच होते आणि लगेच पुन्हा लागते.

"गार पायरीवर बसली असशील," स्तोयना म्हणाली. "घरी गेलीस की मक्याच्या कणसाच्या केसांचा काढा घे. आता बस जागेवर, सगळ्या बघतायत."

रुमेना बसली. पुढचे काही दिवस तिने काढा घेतला, लोकरीचे मोजे घातले आणि तक्रार केली नाही. मग एका दुपारी थंडी वाजून ती मशीनवरच कलंडली. अंग तापलेलं, आणि कमरेच्या एका बाजूला हात लावू देईना.

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की गार पायरीचा यात काही संबंध नाही. जंतू बाहेरून मूत्रमार्गात शिरतात. भरपूर पाणी प्यायलं आणि वेळच्या वेळी लघवी केली तर बरेचसे धुऊन जातात. दाबून ठेवली की त्यांना वाढायला वेळ मिळतो. गरोदरपणात तो मार्ग सैलावतो, मग ते मूत्रपिंडापर्यंत चढतात. जळजळ सुरू झाली तेव्हाच लघवी तपासून औषध दिलं असतं तर बहुधा इथवर आलं नसतं. आता बाळ लवकर होण्याचीही भीती होती.

"लघवी दाबून ठेवायचीस का?" त्यांनी विचारलं.

रुमेनाने आत्याकडे पाहिलंही नाही. "कामाच्या नादात लक्षातच यायचं नाही," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाई बाहेर पडल्यावर स्तोयना त्यांच्यामागे धावली. "ती खोटं बोलली. मी तिला उठू देत नव्हते."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाकीच्यांना तरी उठू द्या."

तिने उठू दिलं. शर्ट मागे पडू लागले, मालकाने दुसरी मुकादम आणली आणि स्तोयना पुन्हा मशीनवर गेली. तिला त्याचं काही वाटलं नाही. उलट आपल्याला आणखी काही शिक्षा व्हायला हवी होती असं वाटत राहिलं.

शिरेतून दिलेल्या औषधाने रुमेना सावरली. दिवस भरल्यावर तिला मुलगी झाली. स्तोयना सूप घेऊन गेली, पण बाळाला घ्यायला हात पुढे करेना.

"घे ना आत्या," रुमेना म्हणाली. "तुला काय ठाऊक होतं? तू मुद्दाम थोडंच केलंस?"

स्तोयनाने बाळ घेतलं. मशीनवर असताना ती जळजळ तिनेही सोसली होती. त्या सकाळी रुमेनाचा चेहरा पाहताच तिने ती ओळखली होती, आणि तरी तिला जागेवर बसवलं होतं. हे सांगायला तिने तोंड उघडलं, पण बाळ रडायला लागलं आणि ती त्याला थोपटत बसली.