गुरुवारचं तेल

आमच्या गावात गुरुवारी घराघरातून तळणीचा वास येतो. कणकेचे लहान तुकडे तेलात सोडायचे आणि गेलेल्यांची नावं घ्यायची. तुकडे जिवंतांनी खायचे. मेलेल्यांचं पोट वासावर भरतं. उमसुनायच्या घरातून मात्र अकरा महिने वास आला नव्हता.

तिचा मुलगा एल्चीबेक फौजेत जखमींवर उपचार करायचा. बावीस वर्षांचा होता. सीमेवरच्या लढाईत दोघांना त्यानं पाठीवर घेऊन खाली आणलं, तिसऱ्यासाठी वर गेला, आणि तिथेच गोळा पडला. घरी आली ती खिळे ठोकलेली पेटी.

"एकदा तरी तेल तापव," मी म्हणायचो. "पोरगा उपाशी असेल."

"पोरगा कुणी पाहिलाय? मी पेटी पाहिली. तळलं म्हणजे तो मेला असं मीच म्हटल्यासारखं होईल. अगाय, तुम्ही पोरांना पाढे शिकवा. मला रडायला शिकवू नका."

आमच्याकडे मास्तरांना अगाय म्हणतात. एल्चीबेकला पाढे मीच शिकवले होते.

यंदाच्या वसंतात, एका गुरुवारी दुपारी, शेळ्या डोंगरावरून एकट्याच उतरल्या. त्यांना चारायला नेणारी दहा वर्षांची बुरुल मागे दिसेना. उमसुनायचं घर डोंगराच्या पायथ्याशी, आणि मी तिच्या दारातच बसलो होतो, म्हणून आम्ही दोघंच आधी घळीत पोचलो.

बुरुल खडकाला टेकून बसली होती. खाली दगडावर बरंच रक्त सुकलेलं. पण तिची पोटरी पांढऱ्या पट्टीत नीट, घट्ट गुंडाळलेली होती.

"ती शिंगमोडी शेळी वर अडकली, मी ओढायला गेले, तर मेलीनं मलाच ढकललं!" बुरुल फणकारली.

"पट्टी कुणी बांधली ग?" मी विचारलं.

"फौजी दादानं. खूप थंड हात होते त्याचे. हातावर वेळपण लिहिली, बघा. डॉक्टरांना दाखव म्हणाला."

मनगटावर काळ्या आकड्यांत लिहिलं होतं, ११:४९. शेवटचा नऊ उलटा, आरशात दिसावा तसा.

तो नऊ सुलटा करण्यात माझी तीन वर्षं गेली होती. सुलटा झाला नव्हता.

उमसुनायनं ओल्या बोटानं तो आकडा घासला. गेला नाही. मग तिनं पोरीला पाठीवर घेतलं आणि घळ उतरायला लागली. मी नर्सला निरोप धाडला.

आपल्या घरी पोरीला गादीवर ठेवल्यावर उमसुनायनं विचारलं, "अजून काय म्हणाला?"

"काही नाही. माझ्या पिशवीतली भाकरी मागितली. पण खाल्ली नाही, नाकाशी धरून बसला. डोळे मिटून. मग म्हणाला, यात तेल नाही. आणि परत दिली."

बुरुलनं भाकरी पुढे केली. सकाळी भाजलेली, अजून मऊ. मी हुंगली. कशाचाच वास नव्हता. मातीलाही असतो, तेवढासुद्धा नाही. उमसुनायनं ती माझ्या हातातून घेतली, हुंगली, पुन्हा हुंगली.

"अंगानं कसा होता ग?"

"बारीक." बुरुलनं विचार केला. "कॉलरचं बटण लावलेलं होतं, तरी गळ्याशी माझी मूठ गेली असती."

उमसुनायनं हात धुतले आणि कणीक मळायला घेतली. मी चूल पेटवली. तेल तापलं, तिनं पहिला तुकडा सोडला आणि पहिल्यांदाच त्याचं नाव घेतलं. तुकडा फुगला, तांबूस झाला. धूर छताला लागला.

वास येईना.

पहिला घाणा झाला, दुसरा झाला. कढई चरचरत होती, आणि आमच्या नाकाला मात्र काही कळत नव्हतं. उमसुनाय कढईवरच्या धुराकडे बघत म्हणाली, "हळू, बाळा. पुष्कळ आहे."

पाचव्या घाण्याला तो आला. गरम तेलाचा, गव्हाचा, साधा गुरुवारचा वास. खोलीभर झाला.

"उमसुनाय," मी हळूच म्हणालो, "आला वास."

"मला नाही आला अजून," ती म्हणाली. तिचे गाल ओले होते. तिनं पुढचा तुकडा तेलात सोडला.

बुरुलनं तोवर चौथा तुकडा तोंडात घातला होता.