डब्यावरची आत्या

चंद्रावती आत्याने उभ्या जन्मात नथ घातली नव्हती, आणि डब्यावर मात्र ती ओठांवर लोंबणारी नथ घालून हसत होती. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, डोक्यावरून पदर, पिकलेले केस, हातात मातीचं मडकं. खाली गोलगोल अक्षरांत लिहिलं होतं, ‘आत्याची पेज’. त्याच्याखाली: सेंद्रिय आणि पौष्टिक, पेडण्याच्या दर्याची ताजी मासळी घातलेली, तुमच्या लाडक्या कुत्र्यासाठी.

"हे कोण?" आत्याने विचारलं.

"तू," सर्वेश म्हणाला.

"माझा चष्मा कुठे गेला?"

"चष्मा लावलेली बाई पेज करत असेल असं गिऱ्हाइकाला वाटत नाही गो आत्ये."

आता चंद्रावती आत्या काय चीज आहे, हे गोव्यातल्या केरी गावात कुणालाही विचारा. पेडण्याच्या हायस्कुलात विज्ञान शिकवून रिटायर झालेली, लग्नाच्या भानगडीत न पडलेली, अंगात सलवार-कमीज आणि नाकावर जाड भिंगं. सरपंचाचा मुलगा कॉपी करताना सापडला तेव्हा तिने त्याला वर्गाबाहेर काढला, आणि सरपंच भांडायला आला तेव्हा त्यालाही मुलाच्या शेजारी उभा केला. तालुक्यातले निम्मे दुकानदार तिच्या हाताखालून गेलेले. बाई बोलल्या म्हणजे ते तसंच असणार, असं आजही म्हणतात. सर्वेशला हे पुरतं ठाऊक होतं, म्हणूनच डब्यावर तिचं तोंड आलं होतं.

सर्वेश तिच्या भावाचा, दत्तारामाचा मुलगा. दत्ताराम मुळगावला राहून खाणीवर ट्रक चालवायचा. खाण बंद पडली, ट्रक दारात गंजला आणि दत्तारामही त्याच्या बाजूला कदेल, म्हणजे खुर्ची, टाकून बसून राहिला. पोराचे हाल नकोत म्हणून आत्याने सर्वेशला केरीला आणला, वाढवला, शिकवला. त्याच सर्वेशने पुढे डिचोलीत एक बंद कारखाना भाड्याने घेतला आणि कुत्र्यांचं खाणं डबाबंद करायला लागला. आत्याला त्याचा फार अभिमान होता. तोंडाने मात्र ती तसं कधी बोलली नाही.

येत्या रविवारी मोरजीला डब्याचं उद्घाटन होतं. देशभर दुकानं असलेला एक व्यापारी यायचा होता. त्याने माल उचलला तर कारखाना चालणार, नाहीतर सर्वेशलाही बापाशेजारी कदेल टाकावी लागणार. आत्याने काय करायचं, तर नुसतं उभं राहायचं आणि आपल्या लेप्याला सगळ्यांसमोर डबा खायला घालायचा. लेपो म्हणजे तिचा कुत्रा. लेपो मासा वाळूला चिकटून पडतो तसा हा दिवसभर जमिनीला चिकटून पडायचा, म्हणून ते नाव. कार्यक्रमाचे डबे आत्याच्याच घरी, मागच्या खोलीत रचून ठेवले होते.

"नथीचं नंतर बघू," म्हणत आत्याने डबा फिरवला. मागे मुंगीच्या पायाएवढी अक्षरं होती. ती डबा घेऊन जनेलापाशी, खिडकीच्या उजेडात गेली.

"प्रथिनं दहा टक्के? एवढीच? कोरड्या खाण्याच्या पिशवीवर चोवीस लिहिलेलं असतं." सर्वेश काही बोलणार तोच तिने हात वर केला. "थांब. पाणी अठ्ठ्याहत्तर. म्हणजे खरा ऐवज बावीस, आणि त्यात दहा प्रथिनं. निम्म्याला आलीच की रे. उगाच बोलले तुला."

सर्वेशची छाती फुगली. "बघ. चरबी बेताची, कॅल्शियम बरोबर, कांदा अजिबात नाही. डॉक्टरला विचारून केलंय सगळं."

"कांदा नाही ते फार बरं केलंस, कुत्र्याला तो बाधतो." आत्या मनापासून बोलली आणि पुढे वाचू लागली. चिकनचा रस्सा, चिकन, काळीज, बटाटा, सेंद्रिय भोपळा, गवारीचा डिंक, उकडा तांदूळ, मासळीचा स्वाद. वाचता वाचता तिच्या कपाळाला आठी पडली.

"सर्वेशा, ही नावं कुठल्या क्रमाने लिहितात?"

"वजनाच्या. जास्त ते आधी."

"आणि डिंक किती घालता?"

"चिमूटभर. रस्सा घट्ट होण्यापुरता."

"मग तांदूळ डिंकाच्या मागे कसा?"

सर्वेशने खिशातला मोबाइल काढला आणि उगाचच बघितला.

"पुढे म्हणतोस आत्याची पेज," आत्याचा आवाज चढला नाही, उलट उतरला, आणि तिच्या हाताखालून गेलेल्यांना ते चढण्यापेक्षा वाईट हे माहीत असतं. "पेज म्हणजे भात. तुझ्या पेजेत भात डिंकापेक्षा कमी. पुढे म्हणतोस पेडण्याच्या दर्याची ताजी मासळी. मागे नुसता स्वाद. पुढे सगळं सेंद्रिय, आणि मागे सेंद्रिय काय, तर एकटा भोपळा."

"आत्ये, सगळेच असं करतात. आणि खोटं कुठे आहे? मागे सगळं खरं लिहिलंय."

"मागे खरं आणि पुढे माझं तोंड. लोक कुठली बाजू वाचतात?"

"कुत्रा तर कुठलीच वाचत नाही."

"त्याला वाचता येत नाही म्हणून दुसऱ्या कुणीतरी नीट वाचायला पाहिजे. माझं तोंड काढ."

सर्वेशने हात जोडले. रविवारपुरतं राहू दे, म्हणाला, माल गेला की लेबल बदलतो, तुझी शपथ. आत्याला त्याच्या डोळ्यांत दत्तारामाची ती कदेल दिसली, म्हणून ती विरघळली, पण अर्धीच. "मी येईन," ती म्हणाली. "पण मला कुणी विचारलं तर मी खोटं बोलणार नाही."

"तुला कोण विचारतंय?" सर्वेश हसला.

मोरजीला माडांच्या सावलीत मांडव घातला होता. डब्यावरची नथवाली आत्या पुरुषभर उंच फलकावर छापली होती आणि तिच्याशेजारी चष्मेवाली खरी आत्या उभी होती. सर्वेशने ओळख करून देईपर्यंत कुणाला दोघींचा काही संबंध लागत नव्हता. सर्वेशने डबा उघडून ताटलीत पालथा केला. दिवसभर न हलणारा लेपो ताडकन उठला, ताटली साफ केली, ती जमिनीवर ढकलत ढकलत चाटत नेली आणि परत येऊन रिकाम्या डब्यात तोंड खुपसलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

व्यापारी सभ्य माणूस होता. खुशीत येऊन तो म्हणाला, "बघा, कुत्रा कधी खोटं बोलत नाही. आत्या, आता तुम्हीच दोन शब्द सांगा." आणि त्याने आपल्या हातांनी माइक तिच्या हातात दिला.

सर्वेशने मान हलवून नको म्हटलं. आत्याने ते बघितलं, आणि बघून न बघितल्यासारखं केलं.

"कुत्रा खोटं बोलत नाही, तसा खरंही बोलत नाही," ती म्हणाली. "गेल्या आठवड्यात याने माझी चप्पल खाल्ली. एवढ्याच आवडीने. पण तेवढ्यावरून ती कुणी पौष्टिक म्हणून विकत नाही."

लोक हसले. तिला हसवायचं नव्हतं. लोक गप्प होईपर्यंत ती वर्गात थांबायची तशी थांबली.

"मी डबा पूर्ण वाचला आहे. आतलं खाणं चांगलं आहे, माझ्या कुत्र्याला मी ते घालेन. पण हे सगळं सेंद्रिय नाही, फक्त भोपळा आहे. यात मासळी नाही. आणि ही पेजही नव्हे, कारण भात नावाला आहे. डबा कुत्र्याला चालेल. त्याच्यावर माझं नाव मला चालणार नाही."

तिने माइक टेबलावर ठेवला. व्यापाऱ्याने डबा उचलला, मागची बाजू डोळ्यांजवळ धरून बराच वेळ वाचली, मग सर्वेशला ‘नंतर बोलू’ म्हणाला आणि गाडीत बसून गेला. त्याच्यासाठी केलेलं जेवण तसंच राहिलं.

सर्वेशने आत्याला घरी आणून सोडलं. दारात म्हणाला, "परक्या बाईनेसुद्धा असं केलं नसतं."

"परक्या बाईचं तोंड नव्हतं त्या डब्यावर," आत्या म्हणाली आणि आत गेली. आत जाऊन ती मोरीत तोंड धुवायच्या निमित्ताने रडली. पोटच्या पोरासारखा वाढवलेला मुलगा, त्याचं बुडवलं असेल तर आपणच बुडवलं, हे तिला कळत होतं. पण शब्द परत घ्यावासा तिला एकदाही वाटला नाही.

सकाळी सर्वेश उरलेले डबे न्यायला टेंपो घेऊन आला तेव्हा आत्या विहिरीपाशी बसली होती. समोर पाण्याने भरलेला टब, टबात डबे. भिजून सुटलेली लेबलं ती एकेक ओढून काढत होती. नथवाल्या आत्यांचा तिच्या पायाशी ढीग झाला होता आणि उघडेबोडके डबे उन्हात ओळीने वाळत होते. लेपो त्यांच्या सावलीत चिकटून पडला होता.

"काय केलंस हे?" सर्वेश मटकन पायरीवर बसला. "नाव नाही, गाव नाही. आता हे कोण घेईल?"

आत्याने ओले हात ओढणीला पुसले. खडूसारखा जाड मार्कर जवळच होता. तिने एक कोरडा डबा मांडीवर घेतला आणि ठळक अक्षरांत लिहिलं: ‘चिकन, काळीज, बटाटा. भोपळा सेंद्रिय, बाकी साधं. मासळी नाही. भात चिमूटभर.’ खाली सही केली, चंद्रावती, आणि डबा त्याच्यापुढे धरला.

"हे छाप. मग माझं तोंड लाव खुशाल. नथ काढून, चष्मा घालून. तालुक्यातल्या एकेका दुकानात मी स्वतः घेऊन जाईन. बघते कोण नको म्हणतो."

सर्वेशने डबा हातात घेतला. एकदा वाचला, पुन्हा वाचला. त्याचा राग गेला नव्हता. तो तोंड फुगवूनच बसला होता, पण त्याने डबा खाली ठेवला नाही.

"बाकी ठीक आहे," शेवटी तो म्हणाला. "पण भात चिमूटभर, हे लिहायलाच पाहिजे का?"

"नको लिहू," आत्या म्हणाली आणि टबातला पुढचा डबा उचलला. "भात जास्त घाल."