टपालासोबत गेलेली होडी

नावाड्याच्या होडीतून तीस वर्षं टपालाची पिशवी फुकट जायची. आधी ती चढायची, मग माणसं. पूर असो, वारा असो, पिशवी अलीकडे राहिली असं कधी झालं नाही. म्हणून खासदार मेहुणा म्हणाला, "भाऊजी, हे सगळं एका कागदावर लिहून द्या," तेव्हा त्याला वाटलं, सत्कारबित्कार असेल. दोन दिवस खपून त्यानं लिहिलं, 'माझ्या होडीवाचून टपाल नदी ओलांडत नाही.' खाली सही ठोकली.

मेहुण्यानं त्याला संसदेच्या गॅलरीत बसवलं, त्या दिवशी नवा कायदा मांडला गेला. नद्यांवरच्या सगळ्या होड्या सरकारनं ताब्यात घ्यायच्या. विरोधी बाकावरून कुणी विचारलं, "घटनेनं संसदेला टपाल दिलंय. होड्या कुठं दिल्यात?"

मेहुणा उठला. "टपाल दिलं, म्हणजे ते पोचवायला लागेल ते त्यात आलंच. वेगळं लिहायला नको. हा पुरावा. माझ्या भाऊजींचाच आहे."

आणि त्यानं तो कागद वाचला. बाकं वाजली. वर नावाड्याची कानशिलं तापली.

बाहेर व्हरांड्यात त्यानं मेहुण्याला गाठलं.

"घटना लिहिली गेली तेव्हाही तू हेच म्हणाला होतास. मी विचारलं, ते 'लागेल ते' म्हणजे काय रे? तू म्हणालास, शाई, शिक्के, शिपायाची टोपी."

"तेव्हा तेवढंच लागत होतं, भाऊजी. आणि तुम्हाला काय कमी आहे? त्याच होडीवर पगारी नोकरी!"

"माझ्याच होडीवर मी नोकर?"

मेहुणा हसला आणि घाईत निघून गेला.

कायदा मंजूर झाला. होडी सरकारच्या ताब्यात जायच्या आदल्या दिवशी सकाळी मेहुणा धक्क्यावर आला. पलीकडे बहिणीकडे, म्हणजे नावाड्याच्याच घरी जायचं होतं. नेहमीसारखा त्यानं होडीत पाय टाकला, तर नावाड्यानं वल्हं आडवं धरलं.

"टपाल घटनेत आहे, ते नेतो. तू कुठं आहेस?"

"थट्टा पुरे, भाऊजी. ताई वाट बघतेय."

"दाखव की, कुठं लिहिलंय."

"लिहायला कशाला हवं? मी घरचा माणूस..."

"मलाही तसंच वाटत होतं," नावाडी म्हणाला आणि त्यानं होडी लोटली.

मधल्या धारेत पाणी उडायला लागलं. त्यानं अंगातला सदरा काढून टपालाच्या पिशवीवर टाकला.