चांगलं तेवढं लिहा

चिझुरुने पिशवीतून तिन्ही वह्या काढल्या आणि टेबलावरून आदाचीसाहेबांच्या बाजूला सरकवल्या. साहेबांनी आधी चष्मा पुसला, मग पहिली वही उघडली. सावकाश वाचणारा माणूस दिसत होता. एकेक पान दोन बोटांत धरून ते उलटत होते.

शिक्षण कार्यालयाच्या त्या खोलीची खिडकी तलावाकडे होती. नोव्हेंबरचं धुकं पाण्यावरून उठून थेट काचेला येऊन टेकलं होतं, आणि शिंपल्या काढणाऱ्या होड्या पाण्यावर आहेत की अधांतरी, ते कळत नव्हतं. त्यातल्याच एका होडीवर चिझुरुचा नवरा यासुहिको लांब दांड्याचं दाताळं घेऊन उभा असणार. धुकं पडलं म्हणून इथे कुणी काम थांबवत नाही.

"यात तर सगळं चांगलंच लिहिलंय," साहेब म्हणाले.

तीच तर रड होती. कुठल्या मुलाला कुठला वर्ग ते ठरवणाऱ्या समितीचं पत्र चार दिवसांपूर्वी आलं होतं. चिझुरुची सहा वर्षांची मुलगी नागी येत्या एप्रिलपासून शाळेत जाईल ती सामान्य वर्गात, चौतीस मुलांमध्ये. चिझुरुला हवा होता त्याच शाळेतला छोटा वर्ग, वऱ्हांड्याच्या टोकाच्या खोलीतला, जिथे पाच-सहा मुलं असतात आणि दार लावून घेता येतं. छोटा वर्ग नको म्हणून रडणाऱ्या आया साहेबांनी पुष्कळ पाहिल्या होत्या. हवा म्हणून आलेली ही पहिलीच असावी, कारण ते तिच्याकडे जरा गोंधळूनच बघत होते.

त्यांनी एक पान मोठ्याने वाचलं. "'आज नागीने तलाव अगदी मन लावून पाहिला.' किती छान!"

"तो क्रीडादिनाचा दिवस होता," चिझुरु म्हणाली. "कुणाचं लक्ष नाही असं बघून ती निघून गेली. शिंपल्यावाल्या एका आजोबांनी तिला कमरेएवढ्या पाण्यातून उचलून आणलं."

साहेबांनी वही मिटली नाही, पण पुढचं पानही उलटलं नाही.

मग चिझुरुने सगळं सांगितलं. घरात नागी अखंड बोलते, भिंतीशी, मोज्यांशी, भाताच्या वाफेशीसुद्धा. पण उंबरा ओलांडला की शब्द बंद. गर्दी झाली की जागच्या जागी ताठ होते आणि तिचे डोळे कुठेतरी लांब निघून जातात. अशी थोडा वेळ राहिली की मग चालू लागते, आणि चालते ती पाण्याच्या दिशेने. समितीच्या दोघीजणी बालवाडीत तिला पाहायला आल्या तेव्हा चाळीस मिनिटं ती तसूभर हलली नव्हती. भीतीने पोरीचा दगड झाला होता, आणि शेरा पडला होता, 'फार शांत, समंजस मुलगी.' रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही म्हणतात. ही तर रडणंही विसरलेली पोर.

"पण मग बालवाडीच्या बाईंनी असं का लिहिलं?"

चिझुरुने मान खाली घातली. "मीच सांगितलं होतं तसं."

झालं होतं ते असं. बालवाडीतून रोज संध्याकाळी मुलाबरोबर एक वही घरी येते. दिवस कसा गेला ते बाई तिच्यात लिहितात आणि सकाळी आई उत्तर लिहून पाठवते. सुरुवातीला कुवामोतोबाई अगदी खरं लिहायच्या. आज जेवली नाही. आज टेबलाखाली तीन तास बसून होती. आज एका मुलाला चावली. चिझुरु ती वही सायकलींच्या शेडमध्ये उभी राहून वाचायची, आणि घरी पोचेपर्यंत डोळे कोरडे करायची. बाराव्या दिवशी तिने उत्तरात लिहिलं, 'बाई, राग मानू नका, पण जमलं तर चांगलं तेवढं लिहा.'

बाईंनी ते पाळलं. आमच्या या बाजूला कुणी एवढ्या अजिजीने काही मागितलं की ते पाळायचंच असतं, आणि पाळणं कधी थांबवायचं ते मात्र कुणीच कुणाला सांगत नाही. तीन वर्षं चिझुरु संध्याकाळी वही उघडायची आणि तिला हायसं वाटायचं. त्या वह्यांमधली नागी पानं गोळा करायची, पावसाचा आवाज ऐकायची, ढगांशी मैत्री करायची. खरी नागी आणि वहीतली नागी या दोन बहिणी आहेत असं चिझुरुला कधीकधी वाटे, आणि वहीतलीही तिला तितकीच लाडकी होती. समितीने वर्ग दिला होता तो त्या दुसऱ्या मुलीला.

आदाचीसाहेबांनी कॅलेंडर पाहिलं. पुढच्या शुक्रवारी समितीची या वर्षातली शेवटची बैठक होती. त्यांच्या हातात फारसं काही नव्हतं. पण बाईंनी नव्याने लिहून दिलं, आईनेही दिलं, आणि त्यांनी स्वतः मुलीला एकदा पाहिलं, तर तिघांचं मिळून समितीपुढे ठेवता आलं असतं.

"काय येतं ते लिहू नका," दारापर्यंत सोडायला आल्यावर ते म्हणाले. "काय येत नाही ते लिहा."

घरी आली तर ओट्यावर लाखेचा डबा ठेवलेला. आत लाल चवळी घालून शिजवलेला लाल भात, वर तीळ-मीठ. सासूबाई शेजारच्या गल्लीत राहायच्या आणि त्यांच्यापर्यंत पत्राची बातमी यासुहिकोकडून पोचली होती. नात सामान्य वर्गात बसणार म्हणून त्यांनी पहाटे उठून शुभकार्याचा भात केला होता. चिझुरुने फोन करून सगळं सांगितलं. मग त्या म्हणाल्या की झाकली मूठ सव्वा लाखाची असते, आणि देवाने झाकून दिलेली मूठ आपण होऊन उघडणारी आई त्यांनी पाहिली नव्हती. रागावून नव्हत्या बोलल्या. ते चिझुरुला जास्त लागलं.

नागीने भातातले लाल दाणे वेचून ताटाच्या कडेला रांगेत लावले आणि एकेकाला नाव दिलं. चिझुरु समोर बसून ऐकत राहिली.

त्या आठवड्यात दुपारच्या वेळी, नागी बालवाडीत असताना, चिझुरु यादी लिहायला बसायची. सहा वर्षं ती पोरीला काय काय येतं ते खडे टाकून तांदूळ ठेवावेत तसं निवडत आली होती. आता खडेच ठेवायचे होते. मोठ्या आवाजात थांबू शकत नाही. ओळीत उभी राहू शकत नाही. लागलं-खुपलं तर सांगू शकत नाही. एकेक ओळ लिहिताना आपण पोटच्या पोरीची चहाडी करतोय असं तिला वाटे. मग ती उठून खिडकीशी जाई. धुक्यात काठ, बांध, रस्ता सगळं विरघळलेलं असे, आणि तिला वाटे, नागीला जग रोज असंच दिसत असेल. कुठे काय संपतं ते न कळणारं. असल्या जगात पाण्याकडे चालत जाण्यात तिचं चुकतं तरी काय?

यासुहिकोने यादी वाचली, ओल्या हातांनी, कागदाची फक्त कड धरून. तो मुळात कमी बोलणारा.

"पाण्याचं सातव्या नंबरावर लिहिलंयस," तो म्हणाला. "ते पहिलं घे."

बुधवारी कुवामोतोबाई घरी आल्या. पन्नाशीच्या, बुटक्या, बालवाडीतल्या मुलांनी ओढून ओढून स्वेटरच्या बाह्या लांब झालेल्या. चहाला हात लावायच्या आधीच त्यांनी गुडघे टेकून, जमिनीला कपाळ लागेल इतकं वाकून माफी मागितली. चिझुरुही तितकीच वाकली. दोघीही एकमेकींच्या आधी वर व्हायला तयार नव्हत्या, आणि चहा निवून गेला. शेवटी बाई म्हणाल्या की दोन कागद लिहून आणलेत, पण त्यांना स्वतःला ते परत वाचवत नाहीत. मी तुम्हाला गोड लिहीत गेले, त्या म्हणाल्या, आणि गोड लिहिता लिहिता मलाच ते खरं वाटायला लागलं. चिझुरुला हसू आलं आणि रडूही.

गुरुवारी सकाळी दहा वाजता तिघी शिक्षण कार्यालयात पोचल्या. आदाचीसाहेबांनी तलावाकडची तीच खोली ठेवली होती, कोपऱ्यातला हीटर आधीच लावून ठेवला होता, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचा आवाज नको म्हणून दार लोटून घेतलं होतं. नागी आत आल्या आल्या खिडकीशी गेली आणि सगळ्यांकडे पाठ करून उभी राहिली. काचेवर दव साचलं होतं. तिने एक बोट टेकवलं आणि ते खाली ओढू लागली. बाईंनी तिला बाहेर घेऊन जाऊ का असं हळूच विचारून पाहिलं, कारण यादी तिच्यासमोर वाचायची म्हणजे फार झालं. पण खांद्याला हात लावताच नागी ताठ झाली. बाईंनी हात काढून घेतला.

आधी बाईंचे दोन कागद झाले. साहेब मधूनमधून एखादी तारीख विचारत आणि लिहून घेत. मग चिझुरुने आपला कागद उलगडला. पाण्यापासून सुरुवात केली, आवाज जेवढा खाली ठेवता येईल तेवढा ठेवला. खोलीत फक्त हीटरची घरघर होती. बाहेर कुठल्यातरी होडीचं इंजिन सुरू झालं आणि धुक्यात आत आत जाऊन बुडालं. वाचता वाचता चिझुरुला वाटू लागलं की हे सगळं कुणा दुसरीच्या मुलीबद्दल आहे. कागदावर एक मुलगी, वह्यांमध्ये एक, आणि खिडकीशी पाठमोरी उभी ती तिसरीच, जिच्याबद्दल अजून कुणी काही लिहिलेलंच नाही.

"अकरा," ती वाचत होती. "परक्या माणसासमोर ती बोलत नाही. कुणी विचारलं तरी स्वतःचं नाव सांगू शकत..."

"मोरिवाकी नागी."

आवाज खिडकीकडून आला होता. पाठ तशीच, बोट काचेवर. घरात मोज्यांशी बोलताना असतो तोच आवाज, ना लहान ना मोठा.

कुवामोतोबाईंनी दोन्ही हात तोंडावर धरले. तीन वर्षांत त्यांनी हा आवाज एकदाही ऐकला नव्हता. चिझुरुच्या काळजात काहीतरी इतकं उसळून आलं की तिला उठून पोरीला छातीशी घ्यावंसं वाटलं, आणि त्याच क्षणी ती धास्तावली. बोलली. आजच बोलली. नको तिथे, नको तेव्हा. समितीने हे वाचलं की उद्या चौतीस मुलं, आणि शाळेच्या मागच्या बांधापलीकडे तलाव. स्वतःच्या लेकराचा आवाज ऐकून घाबरणारी आई, म्हणून तिला लाजही वाटली.

साहेबांचं पेन कागदाच्या वर थांबलं होतं. ते खिडकीकडे बघत होते. मग त्यांनी चष्मा काढला आणि उगीचच पुसायला घेतला.

"माझे कान तसे अधूच आहेत," ते हळू आवाजात म्हणाले. "सगळं ऐकलंच पाहिजे, लिहिलंच पाहिजे, असं काही नाही."

किती भला माणूस! चिझुरुला वाटलं, नुसतं मान हलवून हो म्हणायचं. बाईसुद्धा डोळ्यांनी तेच सांगत होत्या. एका ओळीचा तर प्रश्न होता. ती ओळ कुठेच पडली नसती, आणि नागीला वर्ग मिळाला असता.

तिने नागीच्या पाठीकडे पाहिलं. काचेवर बोटाने ओढलेली रेघ खालपर्यंत पोचली होती आणि त्या फटीतून धुक्यातला पांढरा उजेड आत येत होता. लोटलेलं दार, चार खुर्च्या, कोपऱ्यातला हीटर. इतक्या शांत खोलीत नागीला घेऊन आपण याआधी कधी बसलोच नव्हतो, हे तिच्या ध्यानात आलं, आणि तिचं मन एकदम ताळ्यावर आलं.

"लिहा," ती म्हणाली. "नाव सांगितलं म्हणून लिहा."

साहेबांनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग चष्मा चढवला आणि लिहिलं.

"आणि खोलीत किती माणसं होती, तेही लिहा."

आदाचीसाहेबांनी मान वर केली. कुवामोतोबाईंकडे पाहिलं, चिझुरुकडे पाहिलं, आणि स्वतःला धरून पेनच्या टोकाने मोजलं.