एकोणतीस पावलं

“मावशी, ही रेघ चुकलीय! सगळ्या पोरी एका ओळीत उभ्या राहतात, एवढंही कळत नाही का तुम्हाला?”

खेळाचे सर मैदानाच्या मधून ओरडले आणि आई चुन्याच्या फक्कीचा डबा हातात धरून तशीच उभी राहिली. क्रीडास्पर्धांचा दिवस होता. मी सातवीत होते आणि माझी आई त्याच शाळेत शिपाई होती.

डबा तिने स्वतः केलेला. पत्र्याच्या जुन्या डब्याच्या बुडाला खिळ्याने भोकं पाडलेली. तो हलवत ती चालू लागली की मागे पांढरी रेघ उमटायची, दोरी न लावता सरळ. मोठ्या बाई म्हणायच्या, “मावशींच्या रेघेसारखं तुमचं अक्षर आलं तर मी पेढ्याऐवजी सुट्टी वाटेन.” सुट्टी कधी मिळाली नाही.

त्या दिवशी मात्र चार लेनच्या सुरुवाती चार ठिकाणी होत्या. सगळ्यांत आतली मागे, सगळ्यांत बाहेरची पार पुढे.

“बाहेरच्या पोरीला जास्त पळावं लागतं, सर,” आई म्हणाली. “काल आखताना सगळ्यांत आतल्या आणि सगळ्यांत बाहेरच्या रेघेवरून एकेक फेरी मारली. बाहेरून एकोणतीस पावलं जास्त भरली.”

“आता तुम्ही मला शिकवणार?”

“छे हो! तुम्हीच चालून बघा. तुमचे तर बूटपण चांगले आहेत.”

पोरं फिदीफिदी हसली. सर चालले. पहिली फेरी तणतणत, दुसरी तोंडाने पुटपुटत. मग आईला बाजूला घेऊन काहीतरी बोलले. आईने नकारार्थी मान हलवली. सरांनी रुमालाने मान पुसली आणि म्हणाले, “राहू दे ती रेघ.”

मी आतल्या, सगळ्यांत मागच्या रेघेकडे बघितलं. सर आम्हाला उंचीप्रमाणे उभं करायचे, सगळ्यांत बुटकी सगळ्यांत आत. बुटकी म्हणजे मीच. पाचवीत पहिली, सहावीत पहिली, घरात दोन कप. शिपायाच्या मुलीला शाळेत मान ताठ ठेवायला फारशी कारणं नसतात, माझ्याकडे ती दोन होती. सलग तिसऱ्यांदा जिंकणारीचं नाव शाळेच्या दारातल्या फळ्यावर रंगवायचे. तो फळा रोज सकाळी आईच पुसायची.

मी चौथी आले. चौघींत चौथी.

घरी येऊन दप्तर भिरकावलं. “सगळ्यांच्या आया पोरींना पुढे ढकलतात. तू मला पाडलंस!”

आई भाजी निवडत होती. “पाडलं नाही गं. तुझी जागा होती तिथं उभं केलं.”

“मग हे शहाणपण पुढच्या वर्षी सुचलं नसतं? शाळा सातवीपर्यंतच आहे. मी गेल्यावर घालायच्या होत्या वाकड्यातिकड्या रेघा!”

भाजी झाल्यावर तिने माझ्या ताटात वाढलं आणि मी जेवेपर्यंत समोर बसून राहिली.

राग पुढे निवळला. प्रश्न तेवढा राहिला आणि तिला विचारायचं राहूनच गेलं. एकतीस वर्षं नोकरी करून ती निवृत्त झाली, त्यानंतर बरीच वर्षं आमच्यासोबत राहिली आणि गेल्या महिन्यात गेली.

काल सर भेटायला आले. आता काठी टेकत चालतात. चहा हातात धरून काचेच्या कपाटातल्या माझ्या कपांकडे बघत होते.

“हे दोन अजून आहेत होय?” म्हणाले. “तुला एक सांगायचं राहिलंय. त्या दिवशी मी तिला बाजूला घेतलं होतं ना, तेव्हा म्हटलं, मावशी, यंदा जुनीच रेघ राहू द्या. पोरीचं शेवटचं वर्ष आहे, फळ्यावर नाव लागेल. पुढच्या वर्षीपासून करू तुमच्यासारखं. कुणाला कळणार आहे?”

“मग?”

“म्हणाली, सर, माझी पोरगी आतल्या रेघेवर आहे म्हणून तर यंदाच. ती शाळेतून गेल्यावर मी शहाणी झाले तर काय उपयोग?”

 सरांनी चहाचा कप खाली ठेवला.

“संध्याकाळी सगळे गेल्यावर मी टेप लावून मोजलं. तिच्या पावलांच्या हिशेबात वीतभर फरक आला. तोही बहुतेक माझ्या टेपचाच असेल, ती जुनी होती.”

आम्ही दोघं हसलो आणि माझे डोळे भरून आले. त्या फळ्याखालून मी शेवटचे कित्येक दिवस मान खाली घालून गेले होते. माझी आई काय चीज आहे हे तेव्हा कळलं असतं तर मान अशी ताठ केली असती की बुटकी म्हणायची कुणाची छाती झाली नसती.

सर गेल्यावर मी आईच्या खाटेखालून तो डबा काढला. कप उचलून खालच्या खणात ठेवले आणि त्यांच्या जागी डबा ठेवला. बुडातून चिमूटभर फक्की काचेवर सांडली. पुसायला फडकं घेतलं आणि ते तसंच हातात धरून उभी राहिले.