सोमाजीचा एडका

"एवढं एक काम होऊ दे, मग बघू." हे वाक्य तुमच्याआमच्या घरात उठता-बसता ऐकू येतं. डिंगोरे गावच्या सोमाजी धनगराच्या घरात तर त्यानं चार वर्षं ठाण मांडलं होतं. लेक सोमनाथ अमेरिकेत कॉम्प्युटरच्या नोकरीला. तिथं कायम राहायची परवानगी त्याला केव्हाच मिळाली होती. पण नागरिकत्वासाठी दोन हजार तीन साली केलेला अर्ज दोन हजार सात उजाडलं तरी कसल्याशा तपासणीत अडकून पडला होता. मुलाखतीचं बोलावणं येईल आणि नेमके आपणच जाग्यावर नसू, या धास्तीनं पोरगा गावाकडं फिरकला नव्हता.

सोमाजीनं बिरोबाला नवस बोलला होता, लेकाचा कागद आला की एडका देईन. कळपातला सगळ्यात देखणा एडका त्यानं देवाच्या नावानं सोडला. त्याची लोकर कातरायची नाही, त्याला विकायचं नाही. रोज संध्याकाळी त्याला हातानं मका चारत सोमाजी म्हणायचा, "आता थोडंच दिस ऱ्हायलं, राजा." एडक्याला त्यात काय सुख वाटत असेल, ते तोच जाणे.

इकडं सोमाजीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढत होता. बायको रतनबाईनं दवाखान्याचं नाव काढलं की तो खेकसायचा, "सोमनाथ येऊ दे. तो आल्याबिगर डोळ्याला हत्यार लावून घ्यायचो न्हाई." आणि फोनवर लेकानं तब्येत विचारली की म्हणायचा, "झकास हाय." धडधडीत खोटं!

दिवाळीच्या आधी डिंभ्याहून त्याची थोरली बहीण लंकाबाई आली. सोमाजी एडक्याला चारत होता. ती जवळ येऊन निरखत उभी राहिली.

"सोमा, ह्यो कुठला एडका?"

"देवाचा. दुसरा कुठला?"

"त्याच्या कपाळाला पांढरा टिक्का व्हता. ह्याला न्हाई."

मागं उभ्या रतनबाईला रडू फुटलं. "अवं, त्यो आखाडातच मेला. तुमी अपशकुन म्हणून हाय खाल, म्हणून म्या बोलले न्हाई. त्याचंच कोकरू मोठं झाल्यालं, ते बांधलं."

सोमाजी मटकन खाली बसला. अख्ख्या कळपातलं एकेक मेंढरू तोंडावरून ओळखणारा धनगर तो, आणि त्याला स्वतःचा एडका ओळखू आला नाही! लाजेनं त्याची मान वर होईना.

लंकाबाई त्याच्याशेजारी टेकली. "आमची जमीन धरणात गेली. बदली जमीन मिळंल, मग तिथंच पक्कं घर बांधू, असं तुझं दाजी म्हणत ऱ्हायलं. गळक्या छपरावर एक कौल नवं घातलं न्हाई. ओलीनं दमा वाढला. जमिनीचा कागद आला, तवा दाजी नव्हतं. मी त्या कागदाचं काय केलं असंल? पेटीत टाकला."

"मंग आशा सोडू का, आक्का?"

"आशा कोण सोड म्हनतंय? ठेव की. पन कागद दुसऱ्याच्या हातात हाय. डोळं तुझ्या हातात हायेत."

त्याच दिवशी सोमाजीनं रतनबाईला लेकाला फोन लावायला सांगितलं आणि खरं काय ते बोलून टाकलं. पलीकडून सोमनाथचा हुंदका ऐकू आला. दोन दिवसांनी त्याचा फोन आला. "बाबा, वकिलाला विचारलं. आपण नसताना बोलावणं आलं तर तारीख बदलून मागता येते. मी चार वर्षं विचारलंच नाही हो." रजा मिळेल तसा येतो म्हणाला. सोमाजी म्हणाला, "ये. पन मी तुझ्यासाठी थांबत न्हाई आता."

डॉक्टरांनी तपासलं आणि मान हलवली. डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकून आतली नस गेली होती. उजव्याचं ऑपरेशन झालं.

पट्टी निघाली तेव्हा समोर रतनबाई उभी होती. डोईवरचे केस पांढरेफटक, गाल आत गेलेले. सोमाजी तिच्याकडं बघतच राहिला.

"रतना, हे कवा झालं?"

"तुमी वाट बघत व्हता, तवाच की," ती म्हणाली.

त्यानं तिचा हात धरला.

वाचकहो, सोमनाथचा कागद अजून आलेला नाही. येईल तेव्हा येईल. सरकारदरबारी अर्ज अडतो तेव्हा आपला एक अर्जच अडलेला असतो. त्याच्या मागं घरातल्यांच्या दुखण्यांवरचे उपचार, भेटीगाठी आणि सुखाचे चार दिवस अडवून धरतो, ते आपण. अर्जाची वाट जरूर बघा, पण घरची माणसं ताटकळत ठेवू नका. उद्या कागद आलाच, तरी सोमाजीचा डावा डोळा काही परत यायचा नाही.