अकरा फोनांमधला चौक

शाळेतून घरी आल्या की सुचित्राबाई मोहरीर पूर्वी आधी चहा ठेवायच्या. अलीकडे त्या आधी फोन उघडायच्या. फोनमध्ये जांबखेड्याचा चौक दिसायचा. आर्णीकडून येणारा डांबरी रस्ता, शाळेचं फाटक, चहाची टपरी, हातपंप आणि बंजारा तांड्याकडे वळणारी मुरमाची वाट. तीन खांबांवरचे सात कॅमेरे, आणि सातही आपल्या तळहातावर!

हे कॅमेरे आयते मिळाले नव्हते. दोन वर्षांपूर्वी शाळा सुटायच्या वेळी भरधाव आलेल्या एका टिप्परनं सातवीतल्या आभाला उडवलं. मुलगी वाचली, पण उजवा पाय गुडघ्याखाली गेला. टिप्पर थांबलाच नाही. त्याचा नंबर कोणी पाहिला नव्हता, त्यामुळे तो कोणाचा होता हे आजवर कळलेलं नाही. आभा बाईंच्याच वर्गातली. रस्त्यावर विखुरलेली तिची वह्यापुस्तकं बाईंनी स्वतःच्या हातांनी गोळा केली होती. त्या दिवसापासून त्यांनी रस्ता सुरक्षा समितीचं काम अंगावर घेतलं. अर्ज झाले, यवतमाळच्या चकरा झाल्या, दारोदार वर्गणी झाली. तांड्यातल्या बायांनीसुद्धा कापूस वेचणीच्या मजुरीतून हातभार लावला. खांब उभे राहिले तेव्हा गावानं फटाके फोडले. बाईंचा मुलगा सलील कॉम्प्युटर शिकलेला. त्यानं समितीच्या अकराही जणांच्या फोनमध्ये कॅमेऱ्याचं ॲप टाकून दिलं.

आणि खरोखरच फरक पडला. पोलिसांनी चित्रण बघून दोन टिप्परवाल्यांवर कारवाई केली, तशी बातमी रस्त्याभर पसरली. गाड्या चौकाच्या अलीकडेच दबकू लागल्या. पोरं हसतखेळत रस्ता ओलांडू लागली. ते बघताना बाईंच्या अंगावर आनंदानं काटा यायचा.

मग त्यांनी समितीच्या ग्रुपवर ‘आजचे बेशिस्त’ अशा नावानं रोज फोटो टाकायला सुरुवात केली. कोणी हेल्मेटविना, कोणी एका गाडीवर तिघं. रस्ता बघता बघता नजर हळूच कडेला सरकायला लागली. समितीतले सदाशिवराव, जुने पोस्टमास्तर, एकदा वाटेत भेटले. डॉक्टरांनी साखर बंद केली असताना काल टपरीवर दोनदा चहा कसा झाला, असं बाईंनी त्यांना हसत विचारलं. सदाशिवरावही हसले, पण दुसऱ्या दिवसापासून ते टपरीच्या मागच्या बाजूला, कॅमेऱ्यात येणार नाही अशा जागी बसू लागले. बाईंना त्याचीही गंमत वाटली.

त्यांचे यजमान कमलाकरराव तहसील कचेरीतून निवृत्त झालेले, मोजकं बोलणारे. ते एकदा म्हणाले, “सुचित्रा, तू रस्ता बघतेस की माणसं?”

“ज्यानं काही चुकीचं केलं नाही, त्याला भीती कशाची?” बाईंचं उत्तर तयार होतं.

त्या मंगळवारी दुपारी एक मोटरसायकल चौकातून मुरमाच्या वाटेला वळली. मागे बसलेल्या बाईनं तोंडाला ओढणी गुंडाळली होती आणि चालवणाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला होता. हेल्मेट दोघांनाही नव्हतं. शाळेतून घरी आल्यावर दुपारचं चित्रण मागे नेऊन बघताना सुचित्राबाईंनी ते चित्र मोठं केलं, फोटो काढला आणि ग्रुपवर टाकताना खाली लिहिलं, ‘हेल्मेटला वेळ नाही, फिरायला मात्र आहे.’ दोघाचौघांनी हसरे चेहरे पाठवले. बाई फोन ठेवून भाजी चिरायला लागल्या.

बुधवारी कमलाकरराव टपरीवरून परतले ते गंभीर चेहऱ्यानं. त्यांनी फोनवरचा एक फोटो पुढे केला. समितीतल्या कोणीतरी तो पुढे पाठवला होता, आणि तिथून तो तालुकाभर फिरला होता. बाईंचं नाव त्यावर कुठेच नव्हतं. खाली मात्र आता नवी ओळ होती, ‘तांड्याची नर्सबाई ड्युटीवर.’ कोपऱ्यात वेळ होती, दोन वाजून सतरा मिनिटं. तोच फोटो.

ओढणीतली ती बाई म्हणजे अंजू राठोड. तांड्यातली पहिली नर्स, आणि बाईंचीच जुनी विद्यार्थिनी. मंगळवारी तिची स्कूटी फाट्यावर पंक्चर झाली होती. तांड्यात एका बाळंतिणीचा रक्तस्राव थांबत नव्हता, म्हणून आरोग्य सेवक धर्मपाल यांच्या गाडीवर बसून ती धावतपळत गेली. बाळंतीण वाचली, लेकरूही वाचलं. फोटोत त्यातलं काहीच नव्हतं. दिग्रसकडे अंजूचं लग्न जुळत आलेलं, त्या लोकांनी ‘जरा थांबू’ असा निरोप धाडला होता. वडील किसनसिंग यांनी पोरीला नोकरी सोडून घरी बसायला सांगितलं होतं.

बाईंनी ग्रुपवरचा फोटो घाईघाईनं पुसला. पण शेकडो फोनांत गेलेलं आता कोण पुसणार?

गुरुवारी सकाळी शाळा भरायच्या वेळेला सलील धापा टाकत आला. तांड्यातले चाळीस-पन्नास जण ट्रॅक्टर घेऊन चौकात आले होते. खांब उपटायला!

बाई तशाच निघाल्या. चौकात पोचल्या तेव्हा मधल्या खांबाला साखळी गुंडाळून झाली होती. ट्रॅक्टरवर अंजूचा भाऊ लखन बसला होता, इंजिन घरघरत होतं. खांबापुढे आभाचे वडील संजय दोन्ही हात पसरून उभे होते. खांब पाडायचा तर आधी मला पाडा, असं ते ओरडून सांगत होते. शाळेच्या फाटकात पोरं थिजून उभी होती, आणि त्यांच्यात कुबडी काखेत घेतलेली आभासुद्धा होती.

“मॅडम, बाजूले व्हा,” लखन वरूनच म्हणाला. “ह्या कॅमेऱ्यानं आमच्या बहिणीची इज्जत चव्हाट्यावर आणली. तो आज राहत नाई.”

बाईंना एक वाट मोकळी होती. त्या गप्प राहू शकत होत्या. फोटो कोणी काढला हे समितीचे अकरा जण आणि घरचे यांच्यापलीकडे कोणालाच ठाऊक नव्हतं. त्यांनी आभाकडे पाहिलं, मग लखनकडे, आणि त्यांचा आवाज त्यांना स्वतःलाच परका वाटला.

“लखन, कॅमेऱ्यानं नाही. तो फोटो मी काढला. खालचं पहिलं वाक्यही माझंच. मी अंजूला ओळखलं नव्हतं, पण ओळखायची गरजही मला वाटली नाही.”

इंजिन बंद झालं. लखन खाली उतरला, त्याचा चेहरा लाल झाला होता. तेवढ्यात गर्दीतून त्याची आई बिजलीबाई पुढे आली आणि तिनं त्याच्या छातीवर हात ठेवून त्याला थांबवलं.

“याडी, तू मधात नको येऊ,” लखन म्हणाला.

“मधात कोणीतरी यावंच लागते,” बिजलीबाई म्हणाली आणि सुचित्राबाईंकडे वळली. “मॅडम, मी वावरात मचानावर बसून लई वर्स तुरीची राखण केली. वरून सगळं दिसते. तुरीत शिरलेलं डुक्कर दिसते, अन् नाल्यावर आंग धुणाऱ्या बायाबी दिसते. पण राखणदारानं डुकराकडं पाह्यचं असते. नाल्याकडं पाहून राह्यला, तर आमच्या तांड्याचा नायक त्याले खाली उतरवते.” मग ती लखनकडे वळली. “पण मचान मोडत नाई कोणी. मचान मोडलं तर तूर कोण राखीन? या रस्त्यावरून आपलेबी लेकरं शाळेत जाते.”

सुचित्राबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकी वर्षं त्या पोरांना नागरिकशास्त्र शिकवत होत्या, आणि नजरेलाही एक हद्द असते, हे आज त्यांना मचानावरून तूर राखणारी बाई शिकवत होती. त्यांनी फोन काढला आणि सगळ्यांसमोर ॲप पुसून टाकलं.

“मी खाली उतरले, बिजलीबाई,” त्या म्हणाल्या.

लखननं साखळी सोडली. पण शब्द घेतला की, शनिवारी ग्रामसभेत याचा निकाल लागला पाहिजे.

शनिवारी ग्रामपंचायतीच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. तांडा सगळा आला, गाव सगळं आलं. सुचित्राबाईंनी उभं राहून घडलेलं पुन्हा एकदा सांगितलं, काही न लपवता, आणि अंजूची नाव घेऊन माफी मागितली. मग त्यांनी सुचवलं की सगळ्यांच्या फोनमधून ॲप काढावं, चित्रणाचं यंत्र ग्रामपंचायतीच्या खोलीत, कपाटात कुलूप लावून ठेवावं आणि चित्रण महिन्याभरानं आपोआप पुसलं जावं. टपरीकडे आणि हातपंपाकडे वळलेले कॅमेरे रस्त्याकडे फिरवावेत.

गलका उठला. समितीतल्या काही जणांना हे पटेना. बघायचंच नाही तर कॅमेरे बसवले कशाला, असं त्यांचं म्हणणं. मग अनपेक्षितपणे सदाशिवराव उठले. आपण आताशा टपरीच्या मागं लपून बसतो, असं त्यांनी सांगितलं. चोरी केली नाही, नुसता चहा प्यायलो, तरी या वयात लपावं लागतं. अंगणात हशा पिकला, पण हसता हसता अनेकांच्या माना खाली गेल्या.

संजय मात्र हसले नाहीत. “कपाटाले कुलूप लावसान,” ते म्हणाले, “अन् उद्या एखाद्या लेकराले उडवून कोणी पळाला तर? माह्या पोरीच्या वक्ताले कोणालेच काही दिसलं नाई. तसंच पुन्हा होऊ देसान का?”

तेव्हा मागच्या रांगेत वडिलांजवळ बसलेली अंजू उभी राहिली. किसनसिंगांनी तिला खाली बसवायला हात धरला, तो तिनं हळूच सोडवला.

“संजयभाऊ, आभाचं ड्रेसिंग मी केलं हाय. कॅमेरा पाह्यजेच,” ती म्हणाली. “कपाटाले दोन कुलपं लावा. एक किल्ली गावात ठेवा, एक तांड्यात. अपघात झाला की दोघांनी मिळून उघडा, कोणी पाह्यलं अन् कायले पाह्यलं ते वहीत लिहा. इतर वक्ताले कोणीच नाई पाह्यचं.” मग ती सगळ्या अंगणाकडे वळली. “आता माह्यं. मंगळवारी हेल्मेट नव्हतं. घाई होती, तरी ते चुकलंच. त्याचा दंड मी भरीन. पण मी कोणाच्या मागं बसली होती, त्याचा दंड कोणत्या कायद्यात हाय, ते मले सांगा. कारण तो दंड मी चार दिवसांपासून भरून राह्यली.”

कुठूनतरी टाळी वाजली, आणि बघता बघता सगळं अंगण टाळ्यांनी दणाणून गेलं. आभा कुबडी काखेत धरून उभी राहून टाळ्या वाजवत होती. किसनसिंगांनी फेट्याच्या शेवानं डोळे पुसले. ठराव एकमतानं झाला. एक किल्ली सदाशिवरावांकडे गेली, दुसरी बिजलीबाईकडे. सुचित्राबाईंना कोणीतरी आग्रह केला, पण त्यांनी किल्ली घेतली नाही.

सोमवारी अंजू कामावर रुजू झाली, डोक्यावर नवं हेल्मेट घालून. दिग्रसच्या मंडळींनी पुन्हा निरोप पाठवला, तेव्हा तिनं वडिलांना सांगितलं की, तो फोटो पाहून मुलाच्या मनात काय आलं हे आधी त्याच्या तोंडून ऐकायचं आहे. किसनसिंगांनी तसाच उलट निरोप धाडला.

तीन आठवड्यांनी सकाळी दहाच्या सुमारास एका पिकअपनं सायकलवरून चाललेल्या तांड्यातल्या शंकरसिंगांना धडक दिली आणि ती यवतमाळच्या दिशेनं पसार झाली. चौकात एकच धावपळ उडाली. अंजूनं रस्त्यावरच त्यांचा मोडलेला हात बांधला आणि त्यांना दवाखान्यात नेलं. सदाशिवराव आणि बिजलीबाई किल्ल्या घेऊन आले, पोलीस आले, यंत्र चालवायला सलील आला. ग्रामपंचायतीच्या त्या खोलीत चौघं आत गेले. सुचित्राबाई दाराबाहेर उभ्या राहिल्या. आत डोकावायचा मोह त्यांना झाला, खूप झाला, पण त्यांनी पाठ फिरवून घेतली.

पाच-सात मिनिटांत आतून सलीलचा आनंदानं भरलेला आवाज आला. नंबर मिळाला होता, स्वच्छ, अक्षर न् अक्षर! दुपारच्या आत ती गाडी चालकासह सापडली.

पण बाईंच्या मनात राहिलं ते त्याच्यानंतरचं. पडद्यावर चौक अजून दिसत असावा. येणारेजाणारे, टपरीवरची माणसं. आत कोणीतरी म्हणालं, ही कोण बरं, तिकडून येणारी? आणि लगेच बिजलीबाईचा ठाम आवाज आला.

“नंबर भेटला ना? मंग बंद कर.”

कुलपं लागल्याचा आवाज झाला, एक आणि मग दुसरा.

मित्रहो, रस्त्यावर नजर हवी, कारण भरधाव गाडीला दुसऱ्याच्या लेकराची पर्वा नसते. पण ती नजर गाडीवर थांबली पाहिजे. ती माणसाच्या चहावर, ओढणीवर, सोबतीवर घसरली की राखणदारच वावरात शिरतो. कॅमेरा कुठं लावायचा हे कोणीही कारागीर सांगेल. तो कधी बंद करायचा, हे मात्र आपण सगळ्यांनी मिळून ठरवायचं असतं, आणि ते ठरवणाऱ्या गावातच माणूस सुखरूपही राहतो आणि मोकळाही.